शेजारची खुर्ची

१९९७च्या जून महिन्यात मी पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत दाखल झालो. पहिल्याच दिवशी सूचनाफलकावर दोन याद्या लागल्या होत्या. एका यादीत साठ-साठ जणांच्या दोन तुकड्या होत्या, दुसरीत पाच-पाच जणांचे अभ्यासगट. या याद्या कुणी आणि कोणत्या हिशेबाने केल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फलकापुढच्या गर्दीत प्रत्येक जण स्वतःचं नाव सापडल्याबरोबर आजूबाजूला ओळखीचं आडनाव शोधत होता. मी साताऱ्याचा. गटात साताऱ्याचं, निदान सांगली-कोल्हापूरचं कुणी आहे का, ते मी पाहिलं. नव्हतं. एक मुंबईचा इंजिनिअर, एक दिल्लीहून आलेली अर्थशास्त्राची पदवीधर, एक इंदूरचा वाणिज्य शाखेचा मुलगा, एक परभणीचा कृषी पदवीधर आणि मी. पुढचं वर्षभर या चौघांबरोबर रात्री जागायच्या होत्या.

आज मी अशाच एका संस्थेत आठवड्यातून दोन दिवस शिकवतो आणि दर वर्षी तोच प्रसंग पाहतो. फलकाची जागा मोबाइलने घेतली आहे, एवढाच फरक. यादी आली की मुलं आधी आपल्यासारखं कोण आहे ते बघतात.

व्यवस्थापनाच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं ते एक तर प्रवेशपरीक्षेविषयी असतं, नाही तर शेवटी मिळणाऱ्या पगाराविषयी. मधली दोन वर्षं सहसा वगळली जातात. मात्र या संस्थांमधून बाहेर पडलेल्यांना विचारा, ‘तिथे काय मिळालं?’ बहुतेक जण विषयांची नावं घेत नाहीत, माणसांची घेतात. ही माणसं त्यांना कशी मिळाली, म्हणजे संस्थेने नेमून दिलेली सोबत किती आणि स्वतःच्या आवडीने जोडलेली सोबत किती, या प्रश्नाकडे समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत बारकाईने पाहिलं आहे. त्यांना जे सापडलं ते मला माझ्याच दोन वर्षांकडे पुन्हा पाहायला लावणारं होतं.

घोड्याच्या नालेसारखा वर्ग

व्यापाराचं शिक्षण देणाऱ्या शाळा जुन्याच आहेत. पॅरिसमध्ये अशी शाळा १८१९ साली निघाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल १८८१ साली सुरू झालं. आपल्या मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं. पण या क्षेत्रातल्या विद्यार्थिजीवनाला आजचा आकार आला तो मुख्यतः हार्वर्डमुळे. तिथली बिझनेस स्कूल १९०८ साली स्थापन झाली. १९१९ साली वॉलेस डॉनम तिचे डीन झाले. डॉनम स्वतः कायदा शिकलेले आणि बँकेत काम केलेले. हार्वर्डच्याच विधी विभागात लँगडेल यांनी १८७०च्या सुमारास एक पद्धत रूढ केली होती: तत्त्वं सांगत बसायचं नाही, प्रत्यक्ष खटले वाचायला द्यायचे आणि त्यांवर वर्गात प्रश्न विचारायचे. डॉनम यांनी ती पद्धत व्यापारशिक्षणात नेटाने रुजवली. कायद्यात छापील निकालपत्रं तयार असतात, व्यापारात तसं काही नव्हतं. म्हणून प्राध्यापकांना कंपन्यांमध्ये पाठवून प्रसंग लिहून घ्यावे लागले. यालाच आपण ‘केस’ म्हणतो. एका अमेरिकी बूट कंपनीवरची पहिली लिखित केस १९२१ सालची.

व्याख्यान ऐकायला शेजारी कोण बसलं आहे, याने काही बिघडत नाही. केसचं तसं नसतं. केसला ठरलेलं उत्तर नसतं. उत्तर वर्गाने बोलून काढायचं असतं. चुकीचं बोलायची भीती वाटता कामा नये, आणि आपण काल काय बोललो हे उद्या आठवणारी माणसंही समोर हवीत. म्हणजे रोज बदलणारा जमाव चालत नाही, टिकणारी तुकडी लागते. हार्वर्डने नव्वदच्या आसपास विद्यार्थ्यांची एक तुकडी, अशी रचना ठरवली. पहिल्या वर्षी सगळे विषय सक्तीचे, तुकडी एकाच खोलीत बसते, प्राध्यापक येतात आणि जातात. १९५३ साली उघडलेल्या ऑल्ड्रिच हॉलमधल्या वर्गांची मांडणी घोड्याच्या नालेसारखी आहे. उतरत्या पायऱ्यांवर अर्धवर्तुळाकार रांगा, मध्ये प्राध्यापकाला फिरायला जागा. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि पुढ्यात नावाची पाटी. पाठ करण्याजोगं काहीच नाही, फक्त एकमेकांचे चेहरे समोर. सर्वांत मागच्या, उंच रांगेला विद्यार्थ्यांनी ‘स्कायडेक’ असं नाव दिलं. तिथे बसून साऱ्या वर्गाची टिंगल करायची हीही एक परंपराच.

तासाच्या सुरुवातीला प्राध्यापक कुणाही एकाचं नाव घेऊन ‘तुम्ही सुरुवात करा’ म्हणतात. कित्येक विषयांत निम्मे गुण नुसत्या बोलण्याला असतात. त्यामुळे रात्री केस वाचून यावीच लागते, आणि एकट्याने वाचून ती पुरी पडत नाही. म्हणून तुकडीच्या पोटात आणखी लहान गट तयार होतात. कुणी बाजाराची बाजू बघतो, कुणी आकडे मांडतो, सकाळी वर्गाआधी सगळे एकत्र बसतात. व्यवस्थापनशाळेतली ही सोबत मैत्रीतून जन्मत नाही, वेळ कमी आणि वाचन जास्त या अडचणीतून जन्मते. मैत्री झालीच तर नंतर होते.

अहमदाबादचे जिने

भारतात ही पद्धत आली ती १९६१ साली. त्या वर्षी कोलकाता आणि अहमदाबाद इथे दोन भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. कोलकात्याच्या संस्थेने मॅसॅच्युसेट्सच्या स्लोन स्कूलशी सहकार्य केलं, अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डशी. विक्रम साराभाई, कमला चौधरी आणि पुढे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी अहमदाबादमध्ये केस पद्धत रुजवली. आजही तिथल्या वर्गात नालेसारखी मांडणी, नावाच्या पाट्या आणि बोलण्याला गुण हे सगळं आहे.

पण अहमदाबादची खरी भर आहे ती वर्गाबाहेर. वास्तुविशारद लुई कान यांनी तिथली वसतिगृहं आखली, बाळकृष्ण दोशी त्यांच्याबरोबर होते. विटांच्या त्या इमारतींची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली असतील. आतली मांडणी कमी जणांना ठाऊक असते. लांबलचक व्हरांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, हा आपल्याकडचा नेहमीचा वसतिगृहाचा आराखडा कान यांनी टाळला. एका मजल्यावर दहाच खोल्या, त्या एका जिन्याभोवती आणि चहाच्या जागेभोवती गोळा केलेल्या. खोलीतून बाहेर पडलं की माणूस कुणाच्या तरी समोर येतोच. वर्गात जे नालेच्या आकाराने साधलं, ते इथे जिन्याने साधलं.

इमारतीच्या आखणीचा मैत्रीशी संबंध असतो, हे १९५० साली एका अभ्यासात दिसून आलं होतं. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत जाऊन ‘तुमचं येणंजाणं कुणाशी?’ असं विचारलं. उत्तरं पाहता आवडीनिवडींपेक्षा दारांमधलं अंतर महत्त्वाचं ठरलं. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त होत्या, कारण वरच्या मजल्यावरची माणसं त्यांच्या दारावरून जात. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नळाजवळच्या खोलीतल्या बाईंना साऱ्या चाळीची बित्तंबातमी का असते, हे आपल्याला कुणी संशोधन करून सांगावं लागत नाही.

२०२०च्या अखेरीस अहमदाबादच्या अठरा जुन्या वसतिगृहांपैकी चौदा पाडण्याचा विचार पुढे आला, तेव्हा देशोदेशींच्या वास्तुविशारदांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि तो विचार तेव्हा मागे घ्यावा लागला. वास्तुविशारदांना कानच्या विटा वाचवायच्या होत्या. माजी विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा तो जिना असावा.

या आवारांमध्ये एक स्वतंत्र बोलीही तयार होते. अहमदाबादमध्ये पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘फच्चा’ आणि दुसऱ्या वर्षाचा ‘तुच्चा’. लेखी विश्लेषणाचा एक विषय असतो, त्याचा अहवाल ठरलेल्या मिनिटाच्या आत पोहोचवायचा असतो. शेवटच्या क्षणी सगळी तुकडी कागद हातात धरून वसतिगृहापासून धावत सुटते आणि ज्येष्ठ विद्यार्थी दोन्ही बाजूंना उभे राहून गोंधळ घालतात. बाहेरच्याला हा पोरकटपणा वाटेल. पण एकत्र धापा टाकलेली माणसं एकमेकांना विसरत नाहीत, हे वारीपासून एन.सी.सी.च्या शिबिरापर्यंत सगळीकडे खरं आहे.

अर्थात सगळ्यांनाच असं आवार मिळत नाही. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली चर्चगेटला निघाली. तिथे विस्तीर्ण आवार नाही. समोर शहर आहे आणि ये-जा करायला लोकल आहे. आमच्या पुण्यातल्या संस्थेत वसतिगृह अपुरं होतं. आम्ही कोथरूडला, कर्वेनगरला खोल्या घेऊन राहायचो आणि मेसचा डबा लावायचो. गटाची बैठक जिथे दोन डबे जास्त येतील तिथे व्हायची. परभणीच्या मित्राच्या खोलीवर डबा चांगला होता, म्हणून आमचा गट तिथे जमे. आराखडा असा नव्हताच, पण पोळीभाजीने जिन्याचं काम केलं.

आवडीचे क्लब

आता दुसरी सोबत, आवडीने निवडलेली. कोणत्याही व्यवस्थापनशाळेत डझनावारी क्लब असतात. त्यांचे दोन प्रकार पडतात. वित्त, विपणन, सल्लागारी, उद्योजकता असे धंद्याचे क्लब एका बाजूला. प्रश्नमंजूषा, नाटक, संगीत, ट्रेकिंग, बुद्धिबळ असे छंदाचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारात माणसं नोकरीसाठी येतात आणि तसं म्हणत नाहीत. दुसऱ्या प्रकारात आवडीने येतात आणि पुढे ‘नेतृत्वगुण’ म्हणून तेच अर्जात लिहितात.

पॉल लाझार्सफेल्ड आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९५४ साली एका जुन्या अनुभवाला शास्त्रीय नाव दिलं: माणसाला आपल्यासारख्याच माणसांची ओढ असते. वय, जात, वर्ण, शिक्षण, भाषा यांत जो जवळचा, त्याच्याशी गट्टी लवकर जमते. आवडीचा क्लब या ओढीला मोकळं रान देतो. वरवर पाहता ‘संगीत आवडणारे’ एकत्र येतात. पण कोणतं संगीत, ते कोणत्या घरात ऐकलं जातं, वाद्य शिकायला पैसे कुणाकडे होते, हे सगळं त्यातच येतं. आमच्या संस्थेतल्या संगीत क्लबमध्ये गिटार होती, हार्मोनियम नव्हती. भजनात उत्तम पखवाज वाजवणारा परभणीचा मित्र त्या क्लबच्या दारापर्यंत जाऊन परत आला. त्याला कुणी अडवलं नव्हतं. अडवावं लागलंच नाही.

‘पण मोठ्या मेळाव्यात तर सगळे मिसळतात,’ असं कुणी म्हणेल. कोलंबिया बिझनेस स्कूलच्या पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अधिकाऱ्यांचा एक मेळावा भरवला, प्रत्येकाच्या छातीवर कोण कुणाशी किती वेळ बोललं हे टिपणारी इलेक्ट्रॉनिक पाटी लावली. आधी सगळ्यांना विचारलं होतं, कशासाठी येताय? बहुतेकांनी सांगितलं, नव्या ओळखी करायला. प्रत्यक्षात ते बोलले ते प्रामुख्याने आधीच्या मित्रांशी. आपल्या लग्नसमारंभात काय होतं, ते आठवावं. पंगतीला बसताना आपण कुणाशेजारची जागा धरतो? हेतू चांगला असून भागत नाही, पाय सवयीच्या दिशेनेच वळतात.

म्हणजे नेमून दिलेली तुकडी आपल्याला वेगळ्या माणसांपाशी नेते आणि निवडलेली आवड पुन्हा आपल्यासारख्यांकडे आणते. विद्यार्थिजीवन या दोन ओढींमध्ये चालतं.

योगायोगाची मोजदाद

सोबतीचा परिणाम मोजणं अवघड असतं, कारण मित्र आपण निवडलेले असतात. दोन मित्र सारखे वागतात, ते एकमेकांमुळे की सारखे होते म्हणून मित्र झाले, हे कळत नाही. पण हार्वर्डच्या तुकड्या विद्यार्थी निवडत नाहीत. स्त्रिया-पुरुष, देश, पूर्वानुभव यांचा समतोल साधला की बाकी वाटणी जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. संशोधकांच्या दृष्टीने हा आयता प्रयोग होता.

जॉश लर्नर आणि उल्रिके मालमेंडियर यांनी त्याचा उपयोग केला. आधी स्वतःचा धंदा केलेले विद्यार्थी काही तुकड्यांत जास्त आले होते, काहींत कमी. अपेक्षा अशी की अशा मुलांच्या सहवासाने इतरही धंद्याकडे वळतील. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उलटा होता. जिथे अनुभवी उद्योजक जास्त, तिथले बाकीचे विद्यार्थी पुढे धंद्यात कमी उतरले. मात्र घट झाली ती मुख्यतः बुडालेल्या धंद्यांच्या संख्येत. यशस्वी धंदे त्या प्रमाणात घटले नाहीत. लेखकांनी याचा अर्थ असा लावला की ज्याने चटके खाल्ले आहेत असा सहाध्यायी शेजारी असला की कच्ची कल्पना वेळीच सोडून द्यायला मदत होते. सोबतीचं हे मोल सहसा कुणी मोजत नाही. मित्राने काय करायला लावलं हे आपण सांगतो. कशापासून परावृत्त केलं, ते राहून जातं.

दुसरा अभ्यास केली श्यू यांचा, त्याच वर्षी आलेला. हार्वर्डच्या एकाच तुकडीतून निघालेले आणि पुढे मोठ्या कंपन्यांचे प्रमुख अधिकारी झालेले लोक त्यांनी पाहिले. एका तुकडीतल्यांचे पगार आणि दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचे निर्णय, त्याच वर्षीच्या दुसऱ्या तुकडीतल्यांपेक्षा एकमेकांशी अधिक जुळणारे निघाले. त्यातही एक गंमत होती. माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे दर पाच वर्षांनी होतात. मेळाव्याच्या पुढच्या वर्षी हे साम्य दुपटीहून जास्त वाढलेलं दिसलं. म्हणजे केवळ तरुणपणी एकत्र शिकल्याचा तो परिणाम नव्हता. जुनी मंडळी पुन्हा भेटली, ‘तुझं काय चाललंय’ अशी चौकशी झाली आणि परत जाऊन प्रत्येकाने आपल्या कंपनीत काहीतरी बदललं. हजारो नोकरदारांचं भवितव्य ठरवणारे निर्णय काही अंशी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका यादीने ठरतात, असा याचा अर्थ. त्यामुळे त्या यादीत कोण असतं आणि कोण नसतं, हा प्रश्न खाजगी राहत नाही.

गुणांची वाटणी

इथवर सोबतीचे फायदे सांगितले. आता तिची किंमत.

व्यवस्थापनशाळांमध्ये बहुतेक ठिकाणी श्रेणी सापेक्ष असते. तुम्हाला किती गुण मिळाले यापेक्षा इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात, यावर श्रेणी ठरते. हार्वर्डमध्ये वरचे पंधरा-वीस टक्के पहिल्या श्रेणीत, तळचे साधारण दहा टक्के तिसऱ्या श्रेणीत, असं वाटप वर्षानुवर्षं चाललं. सगळे हुशार असले तरी कुणीतरी तळाला जाणारच. मग शेजाऱ्याला समजावून सांगितलेलं गणित आपल्याच श्रेणीवर उलटू शकतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी या वृत्तीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरजी’ असं नाव ठेवलं आहे. कुणी टिपणं लपवली की तो ‘आरजी करतोय’.

संस्था एका हाताने गट बांधते आणि दुसऱ्या हाताने गटातल्यांना एकमेकांसमोर उभं करते. यातून विद्यार्थी एक तडजोड काढतात: गटाच्या आत सगळं वाटून घ्यायचं, बाहेर काही द्यायचं नाही. पण वर्गात बोलण्याचे गुण मात्र गटाला मिळत नाहीत. बोलतो त्याला मिळतात.

आमच्या गटात आकडे परभणीचा मित्र मांडायचा. ताळेबंद पाहून कंपनी कुठे अडकणार आहे हे त्याला आमच्याआधी दिसे. घरच्या शेतीचा आणि आडतीचा हिशेब त्याने शाळेपासून सांभाळला होता. उधारी किती दिवस अंगावर राहिली की माणूस मोडतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तो हे सगळं आम्हाला रात्री मराठीत सांगे, मी इंदूर-दिल्लीकरांसाठी हिंदीत सांगे, आणि सकाळी वर्गात हात वर करून इंग्रजीत मीच बोले. माझं इंग्रजी काही थोर नव्हतं, पण बोलण्याची भीड चेपली होती. वर्षाअखेर वर्गातल्या सहभागाला मला पंचवीसपैकी एकवीस गुण होते, त्याला सात. त्याने गुणपत्रिका घडी करून खिशात ठेवली. आम्ही नेहमीसारखे चहाला गेलो.

झाकून ठेवलेलं

वर्गातलं बोलणं म्हणजे नुसती हुशारी नव्हे. आपण इतरांना कसे दिसू याचा हिशेब त्यात असतो. हे सर्वांत स्पष्ट दाखवणारा अभ्यास २०१७ साली आला. लिओनार्डो बुर्श्टिन, थॉमस फुजिवारा आणि अमांडा पॅलेस यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित संस्थेतल्या नव्या एम.बी.ए. विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली: किती पगार हवा, महिन्यातून किती दिवस फिरतीची तयारी आहे, वगैरे. काहींना वाटलं की उत्तरं फक्त मार्गदर्शक पाहतील; काहींना वाटलं की सहाध्यायीही पाहतील. पुरुषांच्या उत्तरांत फरक पडला नाही. लग्न झालेल्या किंवा जोडीदार असलेल्या स्त्रियांच्याही नाही. एकट्या स्त्रियांनी मात्र सहाध्यायी पाहणार म्हटल्यावर अपेक्षित पगार वर्षाला सुमारे १८ हजार डॉलरनी कमी लिहिला आणि फिरतीचे दिवस महिन्याला सातने घटवले. त्याच अभ्यासात असंही दिसलं की अविवाहित विद्यार्थिनींचे परीक्षेचे गुण विवाहित विद्यार्थिनींइतकेच होते, वर्गातल्या सहभागाचे गुण मात्र कमी.

हे वाचताना मला आमच्या गटातली दिल्लीची मुलगी आठवली. रात्रीच्या बैठकीत ती सगळ्यांची मतं खोडून काढी; सकाळी वर्गात मात्र बोलण्याआधी ‘कदाचित मी चुकत असेन’ असं म्हणे. तेव्हा आम्हाला तो तिचा स्वभाव वाटला. परभणीच्या मित्राचं गप्प राहणंही आम्ही स्वभावातच जमा केलं होतं. ‘तो बोलत नाही रे फारसा,’ असं मी स्वतःच एकदा प्राध्यापकांना सांगितल्याचं आठवतं. माझ्या खोलीवर, मराठीत, तो तासन्‌तास बोलायचा, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही.

हार्वर्डमध्ये स्त्रियांना दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून प्रवेश मिळाला तो १९६३ साली, आणि तेव्हा त्या आठ जणी होत्या. आपल्याकडे केंद्रीय संस्थांमध्ये इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा देणारा कायदा २००६ सालचा. प्रवेशाचं दार असं हळूहळू उघडत गेलं. पण दारातून आत आलेल्या माणसाला शेजारच्या खुर्चीवरचा कसं वागवतो, हे कायद्याने ठरत नाही.

यादी कशी करावी

मग काय करता येईल? वरच्या अभ्यासांतून मला तीन साध्या गोष्टी दिसतात आणि त्या मी माझ्या वर्गात करून पाहतो.

पहिली, गट मुलांनी निवडायचे नाहीत. मुलं दर वर्षी कुरकुरतात, पण निवड त्यांच्यावर सोडली तर दुसऱ्या आठवड्यात गावांचे, कॉलेजांचे आणि भाषांचे गट पडतात. सहा महिन्यांनी गट एकदा बदलायचे, म्हणजे कमी-अधिक ओळखीची माणसं वाढतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना ती बातमी पुष्कळदा जिवलग मित्राकडून नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळालेली असते. जिवलगांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं.

दुसरी, ज्याने काम केलं त्यानेच मांडायचं, आणि कोणत्याही भाषेत. परवा एका मुलीने खेळत्या भांडवलाचा प्रश्न मराठीत सोडवला. ‘माल गोदामात, पैसे गावात, आणि व्याज बँकेत’ असं ती म्हणाली आणि सगळ्या वर्गाला मुद्दा कळला. इंग्रजी लागतंच, ते शिकवायलाही हवं. पण हिशेबाच्या तासाला इंग्रजीची परीक्षा घेऊ नये.

तिसरी, बोलण्याचे गुण कमी ठेवून लेखी टिपणाला काही गुण द्यायचे. आणि प्रत्येक सादरीकरणाच्या शेवटी एकच प्रश्न विचारायचा: हे कुणी काढलं?

हा प्रश्न माझा नाही. २०२४ साली आमच्या तुकडीचा पंचविसावा मेळावा पुण्यात झाला. श्यू यांच्या अभ्यासातल्यासारखीच स्थिती: कुणी कंपनीचा उपाध्यक्ष, कुणी दुबईत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पगाराचा अंदाज घेत होता. परभणीचा मित्र आला होता. नोकरीसाठी आलेल्या कंपन्यांनी त्याला निवडलं नव्हतं. तो परत गेला आणि पुढे सोयाबीन साठवायची गोदामं उभी केली. आज त्याच्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत. जेवताना मी त्याच्याशेजारची खुर्ची घेतली आणि जुन्या केसबद्दल, एकवीस आणि सात गुणांबद्दल बोललो. मला वाटलं होतं तो हसून विषय टाळेल.

तो म्हणाला, ‘तू बोलायचास ते बरोबरच होतं रे. मला नव्हतंच येत बोलायला. पण एकदा तरी सरांना सांगायचंस, आकडे कुणाचे ते.’

एवढं बोलून त्याने मला भाजी वाढली. दिल्लीची मैत्रीण समोरच बसली होती. ती म्हणाली, ‘माझेही काही मुद्दे तू बोलला होतास.’ या वेळी तिने आधी ‘कदाचित’ म्हटलं नाही.